जुना संगणक देण्याआधी



मागच्या महिन्यात एका गुरुवारी मगरिबनंतर गावाहून आपाचा फोन आला. "अरे, अब्बांच्या कंप्युटरमधले सगळे पेनड्राइव्हवर घेतले, नव्या लॅपटॉपवर टाकले. पण एक पण फाइल उघडत नाही. आणि रविवारी एक्स्चेंजवाला जुना कंप्युटर न्यायला येतोय. पैसेसुद्धा ठरलेत."

अब्बांना जाऊन आता दोन वर्षे झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी ते त्या संगणकासमोर बसत. खानदानाचा शजरा त्यांनी त्यावर लिहून काढला होता. घर आणि वाडीच्या कागदांचे स्कॅन, धाकट्या बहिणीच्या निकाहचा व्हिडिओ, आणि दादीने सांगितलेल्या जुन्या दिवसांच्या गोष्टींचे रेकॉर्डिंग, सगळे त्याच एका डब्यात. दादीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही.

मी आपाला म्हणालो, "आधी एक्स्चेंजवाल्याला फोन करून आठवडाभर थांबायला सांग. आणि जुन्यावरचे काहीही डिलीट करू नकोस. बाकीचे आपण बघू."

या वेळचे सदर याच विषयावर आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी बंद केला आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. त्यामुळे बऱ्याच घरांत सध्या जुना संगणक जाऊन नवा येत आहे. फायली हलवताना येणाऱ्या अडचणी साधारण त्याच त्या असतात. आपाच्या बाबतीत त्या एकामागून एक आल्या. त्याच क्रमाने सांगतो.

फाइल आली, पण ती फाइल नव्हतीच

मी आपाला विचारले, "फाइलच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो का? आणि साइज किती आहे?" बाण होता, आणि साइज होती २ केबी.

हा शॉर्टकट. डेस्कटॉपवर ठेवलेला शॉर्टकट म्हणजे घराच्या पत्त्याची चिठ्ठी. चिठ्ठी नव्या गावी नेली म्हणून घर तिथे जात नाही. आपाने डेस्कटॉपवरच्या सगळ्या चिठ्ठ्या पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या, मूळ फायली जुन्या संगणकावरच होत्या.

उपाय सोपा आहे. जुन्या संगणकावर त्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. मूळ फाइल जिथे आहे तो फोल्डर उघडेल. तो पूर्ण फोल्डर कॉपी करा. आपल्याकडे बहुतेकांच्या फायली 'डी' ड्राइव्हवर असतात, तोही तपासा.

मात्र पेनड्राइव्हवरच्या सगळ्याच फोल्डरांना अचानक बाण दिसू लागले, तर तो व्हायरस असू शकतो. अशा वेळी त्या बाणांवर क्लिक करू नका. मूळ फोल्डर बहुधा लपवलेले असतात, गेलेले नसतात. नव्या संगणकावर आधी 'विंडोज सिक्युरिटी'मधून पेनड्राइव्ह स्कॅन करून घ्या.

"तुम्हाला परवानगी नाही"

शॉर्टकटवरून मूळ जागा कळली, पण अब्बांचा फोल्डर उघडेना. परवानगी नसल्याचा संदेश येत होता. कारण अब्बांचे लॉगिन वेगळे होते आणि आपाचे वेगळे. एकाच संगणकावर प्रत्येकाचे लॉगिन असेल, तर 'सी' ड्राइव्हमधील 'यूजर्स' या फोल्डरात प्रत्येकाच्या नावाचा वेगळा फोल्डर असतो. आपण फक्त स्वतःचा फोल्डर कॉपी करतो आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फायली मागे राहतात. मुलांचे, सुनेचे, वडिलांचे, सगळ्यांचे लॉगिन आठवून पाहा.

फोल्डर उघडताना येणाऱ्या चौकटीत 'कंटिन्यू' असे बटण असते. तुमचे लॉगिन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे असेल, तर ते दाबून थोडा वेळ थांबा. फोल्डर मोठा असेल तर काही मिनिटे लागतात. तरीही नकार आला, तर फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड' येथे जाऊन 'ओनर' म्हणजे मालक म्हणून स्वतःचे लॉगिन निवडावे लागते. हे जमत नसेल तर जाणकाराला घरी बोलवा, पण त्याने काही पुसू नये हे आधीच सांगून ठेवा.

निकाहचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जाईना

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, जवळजवळ रिकामा. व्हिडिओ ६ जीबीचा. तरी संगणक म्हणे, फाइल फार मोठी आहे. आपाला वाटले पेनड्राइव्ह खराब आहे.

पेनड्राइव्ह ठीक होता. असे बरेच पेनड्राइव्ह 'फॅट ३२' या जुन्या पद्धतीने आखलेले येतात. या पद्धतीत एकच एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, जागा कितीही शिल्लक असो. उपाय म्हणजे पेनड्राइव्ह 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करणे. पेनड्राइव्हवर राइट क्लिक, 'फॉरमॅट', आणि 'फाइल सिस्टीम'मध्ये 'एक्सफॅट' निवडा. फॉरमॅट केल्यावर त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून आधी तो रिकामा करून घ्या आणि आपण पेनड्राइव्हच फॉरमॅट करतो आहोत, दुसरा ड्राइव्ह नाही, हे दोनदा पाहा.

कॉपी मध्येच अडकते

जुन्या संगणकाचे यूएसबी २.० असेल तर १०० जीबी जायला सुमारे एक तास लागतो, आणि हजारो छोटे फोटो असतील तर त्याहून जास्त. त्यामुळे सगळे एकदम उचलू नका. एकेक फोल्डर घ्या. संगणक मध्येच झोपू नये म्हणून 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'स्लीप' बंद करा. गावी वीज जाते, तेव्हा शक्य असल्यास संगणक इन्व्हर्टरवर ठेवा.

आणि 'कट' कधीही करू नका, 'कॉपी'च करा. माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी मुलांचे लहानपणीचे फोटो 'कट' करून दुसऱ्या डिस्कवर टाकत होतो. मध्येच वीज गेली. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, आणि काही फोटो उघडतच नाहीत असे झाले. ते आजही उघडत नाहीत. कॉपी केली असती तर मूळ प्रत जागेवर राहिली असती.

एखाद्याच फाइलवर कॉपी थांबत असेल, तर 'स्किप' करून पुढे जा आणि तिचे नाव कागदावर लिहून ठेवा. पण डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर लगेच थांबा. डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिल्याने नुकसान वाढते. अशी डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी.

जुना संगणक चालूच होत नसेल तरी निराश होऊ नका. बऱ्याचदा डिस्क चांगली असते, बाकीचे बिघडलेले असते. दुरुस्तीवाला डिस्क काढून यूएसबी केसमध्ये बसवून देतो आणि ती नव्या संगणकाला पेनड्राइव्हसारखी जोडता येते. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो, एवढे दुकानात लक्षात ठेवा.

फाइल उघडली, पण वाचता येईना

शनिवारी आपाने शजरा उघडला आणि तिला रडू आले. अब्बांच्या मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि खुणांचा गोंधळ होता.

मजकूर शाबूत होता, फक्त फॉन्ट नव्हता. युनिकोड येण्याआधी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये मराठी टाइप केले जाई. त्या फॉन्टशिवाय तो मजकूर असाच दिसतो. जुन्या संगणकाच्या 'विंडोज' फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर असतो. त्यातून तो फॉन्ट कॉपी करून नव्या संगणकावर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' केला की अक्षरे पुन्हा दिसतात. आमचेही तसेच झाले.

उर्दू मजकूर इनपेजमध्ये असेल, तर ती फाइल वर्डमध्ये उघडणार नाही. नव्या संगणकावरही इनपेज लागेल. म्हणून असा महत्त्वाचा मजकूर जुना संगणक चालू असतानाच छापून कागदावर घ्या. मराठी मजकुराची जुन्या संगणकावरच पीडीएफ करून ठेवा. वर्ड २०१० आणि त्यापुढच्या आवृत्तीत 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये ती सोय आहे. पीडीएफ वाचायला तो फॉन्ट पुन्हा शोधावा लागत नाही.

दादीचे रेकॉर्डिंग जुन्या बटणाच्या मोबाइलवरचे होते. अशा फायलींच्या नावाशेवटी बहुधा 'एएमआर' असते. लॅपटॉपवर त्या वाजत नव्हत्या. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाकला आणि वाजल्या.

दुकानाचा हिशेब टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर नुसता फोल्डर उचलू नका. सॉफ्टवेअरमधूनच 'बॅकअप' घ्या, नव्या संगणकावर 'रिस्टोअर' करा आणि मागच्या महिन्याची शिल्लक जुळते का ते पाहा.

उघडून पाहा, मोजून पाहा

फायली हलवल्या असे केव्हा म्हणायचे? त्या नव्या संगणकावर उघडल्या, तेव्हा. कॉपीची हिरवी पट्टी पूर्ण भरली म्हणून काम झाले असे नाही. आपाचीसुद्धा पट्टी पूर्ण भरली होती.

दोन्ही संगणकांवर त्याच फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' पाहा. फायलींची संख्या आणि 'साइज' दोन्हीकडे सारखी हवी. खालचा 'साइज ऑन डिस्क' हा आकडा वेगळा असू शकतो, त्याची काळजी नको. मग पेनड्राइव्ह काढून ठेवा आणि प्रत्येक फोल्डरमधल्या काही फायली नव्या संगणकावर उघडा. सुरुवातीची, मधली आणि शेवटची. व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून पाहा. पेनड्राइव्ह काढून पाहायचे कारण असे की, कधी कधी आपण पेनड्राइव्हवरचीच फाइल उघडत असतो आणि ती संगणकात आली असे समजतो.

महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती ठेवा. एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे भावाबहिणीच्या घरी किंवा गुगल ड्राइव्हसारख्या जागी. महाड, चिपळूणच्या वाचकांना पुराच्या पाण्यात घरातले काय काय जाते हे मी सांगायला नको.

आणि जुना संगणक?

'डिलीट' केलेल्या फायली जाणकाराला बऱ्याचदा परत काढता येतात. त्या डिस्कवर घरच्यांची आधार कार्डे, बँकेचे कागद आणि घरातल्या बायका-मुलींचे फोटो असतात. म्हणून माझा सल्ला असा की संगणक द्या, पण डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. एक्स्चेंजमध्ये थोडे पैसे कमी मिळतील. ती डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात कोरड्या जागी ठेवा. नव्या संगणकावर एखादी फाइल सापडली नाही, तर तिचा उपयोग होईल.

आपाने तेच केले. एक्स्चेंजवाल्याने दोनशे रुपये कमी दिले.

पुढच्या जुम्याला आम्ही सगळे गावी होतो. जेवणानंतर आपाने लॅपटॉप मधोमध ठेवला आणि दादीचे रेकॉर्डिंग लावले. माझ्या धाकट्या मुलाने दादीला कधी पाहिलेले नाही. त्याने विचारले, "या कोण बोलतात?" मग त्याला शजरा उघडून दाखवला.

कापून ठेवण्यासाठी

१. 'कट' नाही, 'कॉपी'.
२. बाणवाली २ केबीची फाइल म्हणजे शॉर्टकट. मूळ फाइल शोधा.
३. घरातल्या प्रत्येकाचे लॉगिन आणि 'डी' ड्राइव्ह तपासा.
४. ४ जीबीपेक्षा मोठ्या फाइलसाठी 'एक्सफॅट'.
५. फॉन्ट सोबत घ्या, महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ करा.
६. संख्या आणि साइज जुळवा, पेनड्राइव्ह काढून फायली उघडून पाहा.
७. तीन प्रती झाल्याशिवाय जुना संगणक देऊ नका. देताना डिस्क ठेवून घ्या.

तुमच्या घरी याहून वेगळी अडचण आली असेल, तर पत्र लिहून कळवा. संगणकावर जो संदेश आला तो जसाच्या तसा लिहा, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, जुन्या मोबाइलमधले फोटो आणि नंबर नव्यात कसे आणायचे ते पाहू.

खुदा हाफिज.