ग्लोव्हज कुणाच्या हातात?

माझ्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. एंटर दाबताना ती दर वेळी स्वतःची आठवण करून देते. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला टीमला कीपर मिळेना, आणि अकरा जणांत उंची माझी सगळ्यात कमी. एवढ्या एकाच गुणवत्तेवर आपली निवड झाली! तर कीपर कसा निवडू नये याचा मी चालताबोलता पुरावा आहे आणि तेवढ्याच अधिकाराने आज हे लिहितोय. (क्रिकेटचा कंटाळा असेल त्यांनी इथूनच परत फिरावं. पुढच्या शनिवारी भेटूच.)

विषय निघाला शुक्रवारी कॅन्टीनमध्ये. आमच्या टीममध्ये एक सहकारी आहे. एरवी मितभाषी, पण पंतबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की ताटातली पोळी बाजूला ठेवून भांडायला उठतो. मी वाकडा शब्द काढलाच नव्हता. एवढंच म्हटलं की भारतात कसोटी खेळताना ग्लोव्हज जुरेलला द्यावेत आणि पंतला निव्वळ फलंदाज म्हणून खेळवावं. झालं! पुढची वीस मिनिटं डाळ गार.

आता जरा सविस्तर सांगतो, कारण कॅन्टीनमध्ये मला वाक्य पूर्ण करू दिलं गेलं नाही.

कीपिंग हे आपल्या धंद्यातल्या टेस्टिंगसारखं आहे. टेस्टरने पकडलेला बग सगळे विसरतात, सुटलेला बग मात्र थेट क्लायंटच्या मेलमध्ये दिसतो, सीसीमध्ये अर्धी कंपनी. कीपरचंही तेच. त्याने काय पकडलं ते धावफलकावर येतं, काय सोडलं ते कुठेच येत नाही. २०१७च्या फेब्रुवारीत मी गहुंजेला ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी बघायला गेलो होतो (ऑफिसमध्ये कारण वेगळं दिलं होतं, ते सोडा). उमेश यादवच्या चेंडूवर साहाने उजवीकडे अक्षरशः उडून ओकीफचा झेल घेतला. स्टँडमध्ये दोन सेकंद कुणाला काही कळलंच नाही, मग आरडाओरडा. तो सामना आपण दणकून हरलो, ओकीफनेच बारा बळी घेतले. आज धावफलक उघडलात तर तिथे फक्त 'झे. साहा गो. यादव' एवढंच दिसेल. हातात आलेला सोपा झेलही अगदी असाच लिहितात! मग निवड करणाऱ्याने बघायचं काय? उरते बॅटिंग. ती मोजता येते, म्हणून तीच मोजली जाते.

आणि नुसती तीच मोजली की काय होतं, ते आपल्या पिढीने याचि डोळा पाहिलंय. नयन मोंगिया आणि धोनी यांच्यामधला काळ आठवा. १९९९च्या ऑक्टोबरपासून २००५च्या डिसेंबरपर्यंत कसोटीत एमएसके प्रसाद, सबा करीम, विजय दहिया, आपला समीर दिघे, दीप दासगुप्ता, अजय रात्रा, पार्थिव पटेल, दिनेश कार्तिक असे आठ जण ग्लोव्हज घालून गेले. मध्ये मोंगियाही परत येऊन गेला. ईडन गार्डन्सच्या त्या अजरामर २००१च्या कसोटीत यष्टीमागे तोच होता आणि ती त्याची शेवटची कसोटी ठरली. पुढच्याच चेन्नईच्या सामन्यात दिघे आला आणि शेवटच्या दिवशी नाबाद २२ करून त्याने सामना जिंकायला मदत केली. एकूण मिळाल्या सहा कसोट्या. दासगुप्ताने मोहालीत इंग्लंडविरुद्ध शतक ठोकलं, काही महिन्यांत बाहेर. रात्राने २००२मध्ये अँटिग्वाला नाबाद ११५ केले, वय वर्षे वीस! मग दुखापत झाली आणि जागा गेली ती गेलीच. त्याच्या जागी नॉटिंगहॅमला सतरा वर्षांचा पार्थिव उभा केला. पोरगं जिगरबाज होतं, बॅटने सामने वाचवायचं. पण फिरकीला स्टंपपाशी उभं राहणं हे वयाबरोबर मुरणारं काम आहे. ज्या वयात आपण अकरावी-बारावीच्या क्लासला दांड्या मारत होतो, त्या वयात त्याने कुंबळे आणि हरभजनला कीपिंग करायचं. दोन वर्षांनी यष्टीमागच्या चुकांपायीच त्याची जागा गेली.

वनडेत तर आपण आणखी भारी शक्कल लढवली. ग्लोव्हज द्रविडला! म्हणजे सातवा फलंदाज खेळवता येतो. २००३चा वर्ल्डकप आपण असाच खेळलो, फायनलपर्यंत गेलोही. द्रविड म्हणून निभावलं हो. पण टेस्टरची पोस्ट भरायची नाही आणि चांगल्या डेव्हलपरलाच 'जाताजाता टेस्टिंगही बघ रे' म्हणायचं, ही पद्धत आपल्यापैकी किती जणांनी भोगलीय ते मनातल्या मनात मोजा.

बरं, याच्या उलटचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. १९८८, मद्रास. नरेंद्र हिरवाणीचं पदार्पण, वेस्ट इंडिजचे सोळा बळी. हे सोळा सगळ्यांना पाठ असतात. पण त्याच सामन्यात किरण मोरेने सहा जणांना यष्टिचीत केलं होतं, त्यातले पाच एकाच डावात. मोरे नसता तर त्या सोळाचे किती झाले असते? याचं उत्तर कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही.

अर्थात धोनी आला आणि आपल्याला वाटलं प्रश्न कायमचा मिटला. २००४च्या डिसेंबरमध्ये चितगावला पहिल्या वनडेत शून्यावर धावबाद झालेला पोरगा पुढे नव्वद कसोट्या खेळला. त्यात तोटा झाला असेल तर तो साहाचा. देशातला सर्वोत्तम कीपर आणि ऐन उमेदीची वर्षं राखीव बाकावर. त्याच्याबद्दल मला अजूनही वाईट वाटतं. असो.

आता पंत. पहिल्यांदाच सांगतो, मी त्याच्या बॅटिंगचा भक्त आहे. ब्रिस्बेनला २०२१मध्ये त्याने नाबाद ८९ केले तेव्हा मी पहाटेपासून लॅपटॉपवर एका खिडकीत मॅच आणि दुसऱ्या खिडकीत क्लायंट कॉल असा बसलो होतो, आणि कॉल म्यूट आहे की नाही हे न बघता ओरडलो होतो. २०१८ला अॅडलेडमध्ये एका कसोटीत अकरा झेल घेतलेत त्याने, म्हणजे कीपिंगही काही टाकाऊ नाही. पण २०२२च्या डिसेंबरमधल्या अपघातानंतर तो पुन्हा उभा राहिला हेच नवल होतं. मग २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्सला दोन्ही डावांत शतकं, लॉर्ड्सला कीपिंग करताना बोट दुखावलं, मँचेस्टरला बॅटिंग करताना पायाचं हाड मोडलं. त्यातली बोटाची दुखापत तर निव्वळ ग्लोव्हजची देणगी. कसोटीत दिवसाला नव्वद षटकं म्हणजे ५४० बैठका, वर प्रत्येक षटकानंतरची पळापळ वेगळीच. त्या गुडघ्यांकडून हे किती वर्षं करून घेणार आपण?

श्रीलंकेने हा हिशोब आपल्या आधी केला. संगकाराकडून कसोटीतले ग्लोव्हज काढून प्रसन्न जयवर्धनेला दिले. जयवर्धने कीपर म्हणून अव्वल. आणि संगकारा? कीपर असताना सरासरी चाळीसच्या आसपास, नुसता फलंदाज म्हणून ६६च्या वर! दोन जागांवर दोन माणसं, आणि दोघांनाही आपापलं काम.

इथे माझा सहकारी हुकमाचा पत्ता टाकतो : लॉर्ड्स. पंतचं बोट गेल्यावर जुरेलने कीपिंग केलं, इंग्लंडच्या दुसऱ्या डावात बायच्या पंचवीस धावा गेल्या आणि आपण हरलो बावीस धावांनी. घ्या! यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. लॉर्ड्सला चेंडू फलंदाजाला ओलांडून गेल्यावरही वळवळतो, तिथे भलेभले चाचपडतात, हे खरं. पण तरीही पंचवीस म्हणजे पंचवीस. म्हणूनच माझं म्हणणं भारतातल्या कसोट्यांपुरतं आहे. इथे जडेजा-कुलदीपला तास न् तास स्टंपपाशी उभं राहायचं असतं. आणि जुरेलला बॅटिंग येत नाही असंही नाही. २०२४ला रांचीत इंग्लंडविरुद्ध ९० आणि नाबाद ३९, मग २०२५ला अहमदाबादमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध १२५. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दोघेही संघात होते. कीपिंग पंतकडे, जुरेल नुसता फलंदाज. म्हणजे माणसं बरोबर निवडली आणि कामं उलटी वाटली!

राहिला प्रश्न या दोघांनंतरच्या माणसाचा. पंत अपघातानंतर घरी होता त्या काळात आपण फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या वर्षभरात भरत, ईशान किशन, राहुल, परत भरत आणि मग जुरेल असे फिरलो. म्हणजे रांगेत दुसरा कोण हे कुणी ठरवलंच नव्हतं. आयपीएल बघून ते ठरणारही नाही. तिथे वीस षटकं उभं राहायचं, त्यातली अर्धी मागे सरकून. निवड समितीतल्या एकाने रणजीत तिसऱ्या दिवशी चहानंतर साईटस्क्रीनजवळ खुर्ची टाकून बसावं. डावखुरा स्पिनर, पायांच्या खुणांनी उखडलेली जागा, बॅटच्या सावलीत लपलेला चेंडू. कीपर किती लवकर उठतो, हात चेंडूबरोबर मागे येतात की चेंडूवर झडप घालतात, ते एका वहीत लिहावं. सुटलेल्या संध्या तर आवर्जून लिहाव्यात. किरमाणी, मोरे, प्रसाद असे तीन-तीन कीपर निवड समितीचे अध्यक्ष होऊन गेले, त्यामुळे हे मी काही नवीन सांगतोय अशातला भाग नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर सहकाऱ्याला मेल केलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलंय : "आणि पंतला स्लिपमध्ये उभा केला, तर स्टंपमागून बडबड कोण करणार?"

सोमवारी कॅन्टीनमध्ये बघतो त्याच्याकडे.