स्पॅनिश शिकताय? मग आधी मराठीत विचार करा



आज जरा स्पष्टच बोलतो. माझ्या वर्गातली एक मुलगी दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "सर, मी मराठी माध्यमाची. माझं इंग्रजीच कच्चं आहे, मला स्पॅनिश कुठून जमणार?" असं म्हणून क्लास सोडणारे मी बरेच पाहिलेत. त्यांची चूक नाही. आपली पुस्तकं इंग्रजीतून, शब्दकोश इंग्रजीतून, त्यामुळे स्पॅनिशचा रस्ता इंग्रजीतूनच जातो असं वाटतं. माझं मत उलट आहे. विशेषण निवडताना तर इंग्रजीच जास्त घोटाळा करते.

'हॉट' हाच शब्द घ्या. इंग्रजीत चहा हॉट, मिरची हॉट आणि दुपारही हॉट! शब्दकोशात पहिला अर्थ सापडतो 'कालिएन्ते', आणि मुलं तो सगळीकडे चिकटवतात. आता मराठीत बघा. चहा गरम असतो, मिरची तिखट असते. स्पॅनिशमध्येही गरम म्हणजे 'कालिएन्ते' आणि तिखट म्हणजे 'पिकान्ते'. म्हणजे हा फरक तुम्हाला लहानपणापासूनच येतो, फक्त शब्द नवे शिकायचेत.

आणि उकाडा? आपण "मी गरम आहे" असं म्हणतो का? नाही, "मला उकडतंय" म्हणतो. स्पॅनिश माणूसही तिथे विशेषण वापरत नाही. तो म्हणतो 'तेंगो कालोर', शब्दशः 'माझ्याकडे उष्मा आहे'. हवेबद्दल बोलताना म्हणतो 'आसे कालोर'. इंग्रजीवरून उचलून कुणी 'एस्तोय कालिएन्ते' म्हणालं, तर त्याचा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा होत नाही. एवढंच लक्षात ठेवा.

दुसरा शब्द 'ओल्ड'. इंग्रजीत घरही ओल्ड, आजीही ओल्ड. आपण मात्र आजीला "जुनी" म्हणत नाही, आणि परक्या बाईंना तोंडावर "म्हातारी"सुद्धा म्हणत नाही, "वयस्कर बाई" म्हणतो. स्पॅनिशमध्ये हा मान 'मायोर' या शब्दात आहे : 'उना सेन्योरा मायोर'. तिथे 'बिएहा' म्हटलं तर बाईंना वाईट वाटू शकतं. हाच 'मायोर' थोरल्या भावालाही लागतो : 'एर्मानो मायोर'.

आता गंमत जागेची. 'उन बिएहो अमीगो' म्हणजे जुना मित्र, वीस वर्षांची मैत्री असलेला. 'उन अमीगो बिएहो' म्हणजे म्हातारा मित्र. 'मी आन्तीग्वो प्रोफेसोर' म्हणजे माझे पूर्वीचे शिक्षक, पण 'उना कासा आन्तीग्वा' म्हणजे जुन्या काळातलं घर. मराठीत आपण शब्द बदलतो, स्पॅनिश बऱ्याचदा जागा बदलते. पण अर्थातला फरक आपल्या ओळखीचाच आहे.

आणखी एक सोय. जुना-जुनी असं लिंगाप्रमाणे विशेषण बदलायची सवय इंग्रजीत नाही, आपल्याला आहे. त्यामुळे 'बिएहो-बिएहा' जड जात नाही. 'गरम' आणि 'तिखट' लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. योगायोगाने 'कालिएन्ते' आणि 'पिकान्ते'सुद्धा बदलत नाहीत! फक्त अनेकवचनात शेवटी 'स' लावायचा.

मराठी सगळीकडे तारून नेईल असं मात्र नाही. आपल्या एका 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये 'एस' आणि 'एस्ता' असे दोन शब्द आहेत. 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे आणि 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे. इथे मराठीही मदत करत नाही आणि इंग्रजीही नाही. इथे सरावच करावा लागतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच : इंग्रजी शब्द समोर आला की लगेच स्पॅनिश शब्द शोधू नका. आधी स्वतःला विचारा, "हे मी घरी मराठीत कसं म्हणेन?" मराठीत दोन वेगळे शब्द आले, तर स्पॅनिशमध्येही दोन असतील का, हे तपासा.

आजचा गृहपाठ : 'मोठं घर', 'मोठा भाऊ' आणि 'थोर माणूस' स्पॅनिशमध्ये लिहा. मग ताडून बघा : 'कासा ग्रान्दे', 'एर्मानो मायोर', 'ग्रान ओम्ब्रे'.

आणि हो, ती मुलगी क्लास सोडून गेली नाही. वर्गात 'पिकान्ते' कधी वापरायचं हे विचारलं, तेव्हा सगळ्यात आधी उत्तर तिचंच आलं : "सर, ठेचा!"