शेजाऱ्यांची भरभराट कशाने मोजावी?

सोव्हिएत संघातून १९९१ साली जी पंधरा राज्ये स्वतंत्र झाली, त्यांपैकी मध्य आशियातील पाच शेजाऱ्यांची आर्थिक तुलना करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. कझाकस्तान पुढे, उझबेकिस्तान वेगात, किरगिझस्तान आणि ताजिकस्तान मागे, असा निवाडा दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यावरून क्षणात दिला जातो. तक्ता खोटा नसतो. परंतु उत्पन्न कोणाच्या श्रमातून निघाले, कोणाच्या हाती गेले आणि उद्या ते टिकेल काय, या तीन प्रश्नांना त्यात जागा नसते. आणि विकासाचे भवितव्य ठरते ते या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर.

तंजावूरच्या राजवाडा परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करणाऱ्या मराठी भाषकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सोव्हिएत संघ विसर्जित झाला त्याच वर्षी जुन्या तंजावूर जिल्ह्याचीही फाळणी सुरू झाली. १९९१ मध्ये नागपट्टिणम, १९९७ मध्ये तिरुवारूर आणि २०२० मध्ये मयिलाडुतुरै असे नवे जिल्हे निर्माण झाले. देश आणि जिल्हा यांची बरोबरी अर्थातच होत नाही. जिल्ह्याला स्वतःचे चलन नसते की सैन्य नसते. तरीही मूळ प्रश्न एकच आहे : एकाच नदीवर वाढलेले शेजारी वेगळे झाले म्हणजे कोण पुढे जातो, आणि का?

राजवाड्याचाच इतिहास घ्या. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. त्यांच्याकडे उरला तो किल्ला आणि महसुलातील ठरीव हिस्सा. सरस्वती महालाची कीर्तिमान ग्रंथसंपदा याच काळात वाढली, आणि १८५५ मध्ये औरस पुत्र नाही या सबबीवर ते नावापुरते राज्यही संपविण्यात आले. भूमी तीच, नदी तीच, पीकही तेच. परंतु वरकड उत्पन्न कोठे जावे हे ठरविण्याचा अधिकार गेला. विकासाच्या तक्त्यात न दिसणारी गोष्ट ती हीच.

आता पाण्याचा हिशेब पाहू. सीर दर्या नदीच्या वरच्या अंगाला किरगिझस्तानचे तोक्तोगुल धरण आहे. त्याची साठवण सुमारे साडेएकोणीस अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या मेट्टूरच्या सातपटींहून अधिक. सोव्हिएत काळात व्यवस्था सरळ होती. उन्हाळ्यात किरगिझांनी खालच्या उझबेक आणि कझाक शेतीसाठी पाणी सोडावे, हिवाळ्यात खालच्यांनी त्यांना कोळसा, वायू आणि वीज पुरवावी. १९९१ नंतर इंधनाला बाजारभाव लागला, पाणी मात्र फुकट मागितले जाऊ लागले. तेव्हा किरगिझस्तानने थंडीत विजेसाठी पाणी सोडण्यास सुरुवात केली. परिणामी खालच्या प्रदेशात हिवाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई! १९९८ चा करारही हा पेच कायमचा सोडवू शकला नाही.

याचा अर्थ जुनी व्यवस्था निर्दोष होती असा मुळीच नव्हे. मॉस्कोहून ठरणाऱ्या कापसाच्या उद्दिष्टांसाठी नद्यांचे पाणी वळविण्यात आले आणि १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला. मच्छीमारांची बंदरे वाळवंटात उभी राहिली. ज्यांचा समुद्र आटत होता त्यांना निर्णयात स्थान नव्हते. नियोजनाचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा धडा विसरून चालणार नाही. देवघेवीची व्यवस्था मोडली हे जितके घातक, तितकेच ती वरून लादलेली होती हेही घातक ठरले.

कावेरीचे दुखणे याच जातीचे आहे. १८९२ आणि १९२४ चे करार, १९९० मध्ये नेमलेला लवाद, २००७ चा त्याचा अंतिम निवाडा आणि अखेर १६ फेब्रुवारी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, एवढा पल्ला गाठल्यावर कर्नाटकाने बिळिगुंडलू येथे वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी द्यावे असे ठरले. चांगल्या पावसाच्या वर्षी निकाल आठवावा लागत नाही. दुष्काळात मात्र तो अपुरा पडतो. १२ जून रोजी मेट्टूरचे दरवाजे उघडले नाहीत तर कुरुवैचे पीक हुकते, आणि त्याचा पहिला फटका बसतो तो तिरुवारूर व नागपट्टिणमच्या टोकाच्या गावांना. तेथे खारे भूजल उपसून शेती तगविता येत नाही.

परंतु सारा दोष पाण्याच्या माथी मारणे ही स्वतःचीच फसवणूक होईल. पश्चिमेचा कोईमतूर-तिरुपूर भाग कावेरीच्या खोऱ्याच्या मानाने कोरडा. तरीही १९३० च्या दशकात पायकाराची वीज आल्यावर तेथे कापडगिरण्या वाढल्या, पुढे पंप आणि यंत्रांचे कारखाने निघाले, होजिअरीचा व्यवसाय फोफावला. कापूस पिकविणाऱ्यांचा पैसा तेथे उद्योगात उतरला. तंजावूरच्या मिरासदारांचे वरकड मात्र बहुतांशी खंड, व्याज आणि आणखी जमीन यांतच फिरत राहिले. कसणाऱ्याला पन्नैयाळ म्हणून बांधून ठेवणाऱ्या या व्यवस्थेला १९५२ च्या कायद्याने पहिला धक्का दिला. २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेण्मणी येथे ४४ दलितांना झोपडीत जिवंत जाळण्यात आले, ते मजुरीच्या मागणीवरून पेटलेल्या संघर्षात. त्यानंतर, १९६९ मध्ये, रास्त मजुरीचा कायदा झाला. सुपीक जमीन असलेला प्रदेश गरीब का राहतो, याचे अर्धे उत्तर या इतिहासात आहे.

मध्य आशियातही हेच दिसते. दरडोई उत्पन्नात कझाकस्तान या पाचांत सर्वांत पुढे. तरीही जानेवारी २०२२ मध्ये तेलनगरी झानाओझेनमध्येच इंधनाच्या दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, उद्रेक देशभर पसरला आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. उझबेकिस्तानने २०१७ नंतर चलनाचे दुहेरी दर बंद केले, २०२० मध्ये कापसाची सरकारी सक्ती उठविली आणि कच्च्या कापसाऐवजी सूत व कापड विकण्याचे धोरण धरले. तेल विकून श्रीमंत झालेल्या शेजाऱ्यापेक्षा याची वाट कदाचित अधिक टिकाऊ ठरेल, अर्थात नव्या गिरण्यांतील कामगाराला संघटनेचे स्वातंत्र्य मिळाले तरच. ताजिकस्तानचे राष्ट्रीय उत्पन्न मात्र मोठ्या प्रमाणावर रशियात राबणाऱ्या मजुरांच्या मनिऑर्डरींवर उभे आहे. त्याला विकास कसे म्हणावे? ती तर देशाच्या तरुणाईची निर्यात आहे!

मग आपल्या खोऱ्यातील जो तरुण तिरुपूरची किंवा आखाताची वाट धरतो, त्याचे काय? कापणी यंत्रांनी शेतमजुरांचे कामाचे दिवस घटविले आहेत. २०२० च्या संरक्षित कृषिक्षेत्र कायद्याने या प्रदेशात नव्या तेल व वायू उत्खननास आणि धातू वितळविण्याच्या कारखान्यांस मज्जाव केला. हे योग्यच झाले. पण जमीन वाचविणारा कायदा जमिनीवरच्या माणसाला काम देत नाही. भाताला सतरा टक्क्यांहून अधिक ओल निघाली म्हणून खरेदी केंद्राबाहेर पोती ताटकळत राहतात, तोपर्यंत ‘भाताचे कोठार’ हे बिरुद शेतकऱ्याच्या काय कामाचे?

तेव्हा शेजाऱ्यांची तुलना जरूर करावी, परंतु माप बदलावे. वरच्या आणि खालच्या प्रदेशांत टंचाईच्या वर्षाची वाटणी आधीच ठरलेली आहे काय? पिकावरची प्रक्रिया पिकविणाऱ्यांच्या सहकारी मालकीत, त्याच तालुक्यात होते काय? भूमिहीनाला वर्षभर काम आणि पुरती मजुरी मिळते काय? कांबाराता धरण तीन शेजारी मिळून उभारण्याचा किरगिझस्तान, उझबेकिस्तान आणि कझाकस्तान यांचा २०२३ चा निर्णय, आणि किरगिझस्तान व ताजिकस्तान यांनी रक्तपातानंतर मार्च २०२५ मध्ये केलेला सीमाकरार, ही आशेची चिन्हे आहेत. स्वतंत्र, सार्वभौम देशांना जे साधू लागले आहे, ते एका संघराज्यातील दोन राज्यांना न साधावे याला सबब नाही. कर्नाटक आणि तामिळनाडूच्या शेतकरी व शेतमजूर संघटनांनी टंचाईच्या वाटणीचे सूत्र एकत्र बसून मांडले पाहिजे. न्यायालय पाण्याचे आकडे देऊ शकते. शेजारधर्म मात्र नदीकाठच्या कष्टकऱ्यांनाच उभा करावा लागेल.