काठावरची धाव आणि पात्राची किंमत

अहमदाबादेत साबरमतीच्या काठी बांधलेल्या फरसबंद वाटेवर रोज पहाटे माणसे धावावयास येतात. एका बाजूस काँक्रीटची उंच भिंत, दुसऱ्या बाजूस काठोकाठ भरलेले संथ पाणी आणि पायाखाली सपाट फरशी. वाहनांच्या धुरात गुदमरलेल्या शहरात अशी वाट कोणालाही हवीशी वाटावी. मोकळ्या हवेत धावणे ही चैन नव्हे; ती शरीराची साधी गरज आहे, आणि समाजवाद्यांनी तिच्याकडे पाहून नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. परंतु याच वाटेचे चित्र पुढे धरून ‘नदीचा विकास म्हणतात तो हाच’ असे जेव्हा इतर शहरांना शिकविले जाते, तेव्हा त्या चित्राच्या चौकटीबाहेर काय ठेवले गेले, याचा हिशेब मागितलाच पाहिजे.

तो हिशेब जमिनीपासून सुरू होतो. अहमदाबाद महापालिकेने १९९७ साली या कामासाठी एक स्वतंत्र कंपनी स्थापन केली. कोठे रुंद तर कोठे अरुंद असलेले नदीचे पात्र दोन्ही बाजूंनी भिंती घालून सुमारे २६३ मीटर रुंदीच्या एकसारख्या कालव्यात बसविण्यात आले. सुमारे अकरा किलोमीटरच्या या पट्ट्यात पात्रातूनच जवळजवळ दोनशे हेक्टर नवी जमीन निघाली. तिचा मोठा भाग रस्ते व उद्याने यांस दिला गेला हे खरे. पण एक भाग विक्रीसाठी राखला गेला आणि त्याच्या उत्पन्नातून प्रकल्पाचा खर्च भागावा अशी योजना होती. धावण्याची वाट मात्र अगदी खाली, पाण्याच्या कडेस आहे. मोठा पूर आला की ती बुडते, म्हणून तेथे इमारत उभी राहू शकत नाही. म्हणजे जी जमीन विकता येत नाही ती जनतेस ‘अर्पण’ करावयाची आणि तिच्या शोभेने वरच्या जमिनीचा भाव चढवावयाचा, असा हा व्यवहार आहे. ज्या पात्रावर कोणाचीच मालकी नव्हती आणि म्हणूनच ज्याचा उपयोग सर्वांना होता, ते अशा रीतीने बाजारात आले.

हा उपयोग कोण करीत होते? १९१८च्या गिरणी संपात अहमदाबादचे कामगार याच नदीकाठी एका बाभळीखाली रोज जमत आणि गांधीजी त्यांच्यापुढे बोलत. पुढे १९८०नंतरच्या दोन दशकांत त्या शहरातील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. काम गेलेल्यांना व गावाकडून नव्याने आलेल्यांना काठावरच्या झोपड्यांनी आसरा दिला. कोणी कपडे धूत होते, कोणी पात्रातल्या वाळूत भाजी पिकवीत होते, कोणी रविवारच्या गुजरी बाजारात जुनेपाने विकून पोट भरीत होते. प्रकल्पासाठी यांपैकी दहा हजारांहून अधिक कुटुंबे हलविण्यात आली. पुनर्वसनाचा हक्कही त्यांना आपोआप मिळाला नाही. त्यासाठी २००५ साली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. अनेकांना घरे मिळाली ती शहराच्या दूरच्या टोकांस, तर काही कुटुंबांना शहराच्या कचऱ्याच्या डोंगरानजीक गणेशनगरात वर्षानुवर्षे दिवस काढावे लागले.

‘झोपडी गेली आणि पक्के घर आले, मग तक्रार कशाची?’ असे प्रकल्पाचे समर्थक विचारतात. उत्तर सोपे आहे. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बाईचे घर कामाच्या जागेपासून आठ-दहा किलोमीटर दूर गेले की रोजच्या मजुरीतला एक भाग बसभाड्यात जातो आणि एखादे काम कायमचे सुटते. भिंतीच्या खर्चाची नोंद कंपनीच्या वहीत होते. हा खर्च त्या बाईच्या चुलीवर पडतो, म्हणून त्याची नोंद कोठेच होत नाही. ज्यांचा तोटा मोजलाच जात नाही, त्यांच्या जिवावर कोणताही प्रकल्प फायद्याचा दाखविता येतो.

आता पाण्याकडे पाहावे. धावणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे पाणी असते ते साबरमतीचे नव्हेच. तिचा प्रवाह वर धरोई धरणाने अडविला आहे. शहरातले पाणी आणले जाते ते नर्मदेच्या कालव्यातून, आणि वासणा बंधाऱ्याने ते तुंबवून धरले जाते. बंधाऱ्याच्या खाली मात्र शहराचे मैलापाणी व कारखान्यांचे सांडपाणी वाहते. २०२१ साली गुजरात उच्च न्यायालयाने या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली, यातच सर्व आले. शहरापुरती नदी सजविली गेली आणि तिची घाण खालच्या गावांकडे व शेतांकडे ढकलली गेली.

हा प्रश्न केवळ गुजरातचा असता तर मराठी वाचकाने त्यावर एवढा वेळ घालविण्याचे कारण नव्हते. परंतु अहमदाबादचा आराखडा करणाऱ्या संस्थेकडूनच पुण्याच्या मुळा-मुठेचाही आराखडा करून घेण्यात आला. चव्वेचाळीस किलोमीटर लांबीच्या आणि सुमारे ४,७०० कोटी रुपयांच्या या योजनेची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. तिकडे नदीचे प्रदूषण थांबविण्यासाठी जपानी कर्जाचा करार २०१६ सालीच झाला होता. ते काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. मैलापाणी शुद्ध करण्याआधी काठ सजविण्याची ही घाई कोणाच्या सोयीची? वर पाटी सुगंधाची आणि खाली गटार तसेच, हा विकास म्हणावयाचा काय?

शिवाय पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर मुठेचे रूप पाहिले आहे. धरण न फुटताही जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले. दर पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या अंदाजाने आखलेली निळी पूररेषा ही नदीने मागितलेली जागा आहे. तिच्या आत भराव घालूनही पूर वाहून नेण्याची क्षमता घटणार नाही, असे महापालिका सांगते. पण कागदावरचा हिशेब चुकला तर पाणी प्रथम सखल वस्त्यांतच शिरेल, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. एप्रिल २०२३ मध्ये नदीकाठच्या झाडांसाठी पुणेकरांनी ‘चिपको’ मोर्चा काढला, तेव्हा त्यांना विकासविरोधी ठरविण्यात आले. नदीला नदी राहू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

चालण्या-धावण्याचा खरोखर कळवळा असेल, तर त्याची सुरुवात रस्त्यापासून व्हावी. २०११च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योगांबाहेरच्या कामकऱ्यांपैकी एकपंचमांशाहून अधिक लोक कामावर पायी जातात. त्यांच्या वाट्याला तुटलेला पदपथ येतो, किंवा तोही येत नाही. हौसेने धावणाऱ्यांसाठी नदी बुजविणारे शासन गरजेने चालणाऱ्यासाठी चार फूट रुंदीची सलग वाट देत नाही. यात पैशाची अडचण नसून पसंतीचा प्रश्न आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर वॉर्डावॉर्डांत सभा घ्याव्यात आणि मागण्या स्पष्ट मांडाव्यात. आधी मैलापाण्याचे शुद्धीकरण, मग सुशोभन. निळ्या रेषेच्या आत भराव नको आणि पात्रातून निघालेल्या जमिनीची विक्री नको. काठावरच्या कोणत्याही कुटुंबास त्याच्या रोजगारापासून तोडू नये. वाट हवीच असेल तर ती मातीची असावी, झाडांच्या सावलीतून जावी आणि पुराला अडवू नये. अशा वाटेवर धावणाऱ्याचा दम कमी पडणार नाही. मात्र ती वाट दाखवून जमिनीचा भाव चढविता येत नाही, आणि म्हणूनच ती लढल्यावाचून मिळणार नाही.