‘इतर’ या सदरातील भाषा

पश्चिम बंगालच्या आलिपुरद्वार जिल्ह्यात, भूतानच्या सीमेलगत, टोटोपाडा हे गाव आहे. तिबेटी-ब्रह्मी कुळातील टोटो भाषेचे हे जवळजवळ एकमेव घर होय. १९५१ च्या जनगणनेत टोटो जमातीची संख्या अवघी ३२१ भरली होती. आज ती दीड हजाराच्या घरात आहे. माणसे वाढली, त्यांची भाषा मात्र युनेस्कोने अत्यंत संकटग्रस्त ठरविली आहे.

टोटो मनुष्य शेजाऱ्यांशी नेपाळीत बोलतो, शाळेत बंगाली शिकतो आणि हिंदीही जाणतो. भाषेच्या ऱ्हासाचे खापर या बहुभाषिकतेवर फोडण्याची रीत आहे. आम्हांस ती मान्य नाही. शेजाऱ्याची भाषा शिकल्याने कोणाची मातृभाषा मरत नाही. जिला शाळेत आणि कचेरीत प्रवेश नाही, ती चुलीपुढे उरते आणि तेथेच विझते.

टोटो समाज स्वस्थ बसलेला नाही. धनीराम टोटो यांनी २०१५ मध्ये या भाषेसाठी लिपी सिद्ध केली. २०२१ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि २०२३ मध्ये सरकारने धनीरामांना पद्मश्री दिली. परंतु दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे १९७१ पासून जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांतून गाळली जातात. त्या ‘इतर’ या सदरात जमा होतात. २०११ च्या १२१ भाषांत म्हणूनच टोटो नाही. एका हाताने गौरव करावा आणि दुसऱ्या हाताने नाव पुसावे, असा हा व्यवहार आहे.

१९५६ मध्ये राज्यघटनेत आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो. त्यात किमान संख्येची अट नाही. दीड हजार लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, जवळजवळ सारी भाषा एकाच गावात असल्याने मूठभर टोटो शिक्षकांनीही काम भागेल. लहानपण ही येथे अडचण नसून सोय आहे.

२०२७ च्या जनगणनेत प्रत्येक भाषेचे नाव छापावे आणि टोटोपाड्याच्या प्राथमिक वर्गांत टोटो जाणणारा शिक्षक नेमावा, एवढीच अपेक्षा आहे. मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांना ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. थोरल्यांचा मान झाला. आता धाकटीला निदान नावाने हाक मारावी.