'यक्' म्हणजे मुद्दा नव्हे!

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधल्या एकाने डबा उघडला. भाकरी आणि सुकटीची चटणी. आहाहा! पण समोरून नाक दाबून आवाज आला, "यक्!" झालं. तेव्हापासून पठ्ठ्या रोज गुपचूप दहीभात आणतोय.

मंडळी, या एवढ्याशा 'यक्'वर माझा राग आहे.

शब्द तसा जुना नाही. छापील इंग्रजीत तो १९६०च्या दशकात दिसायला लागला. त्याआधी शेक्सपियरची पात्रं 'फाय' म्हणायची. गंमत म्हणजे अमेरिकेत याच उच्चाराचा दुसरा एक शब्द खो खो हसण्यासाठी वापरतात! आपल्याकडेही शी, छी, ईईई, थू असा भरपूर स्टॉक आहे. तेव्हा भांडण इंग्रजीशी नाही.

भांडण किळसेशीही नाही. नासलेलं दूध तोंडात गेलं की 'यक्' निघणारच, आणि त्यानेच पोट वाचतं. पण किळस भलतीच हट्टी असते. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ ज्यूसमध्ये बुडवून काढलं. धोका काहीच नाही, तरी लोकांना तो ज्यूस नकोसा झाला. म्हणजे 'यक्' ही भावना आहे, पुरावा नाही. कोड रिव्ह्यूमध्ये नुसतं 'यक्' लिहून कोड परत पाठवला तर चालेल का? कारण द्या म्हणतील ना?

आणि ही भावना वस्तूवरून माणसावर कधी सरकते ते कळतही नाही. १९२७ साली महाडला दलितांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तर सवर्णांनी शेण-गोमूत्राने तळं 'शुद्ध' केलं! पाण्यात काय बिघडलं होतं? काहीच नाही. किळस माणसांची होती. कॅन्टीनमधला 'यक्' तेवढा भयंकर नाही, मान्य. पण जातकुळी तीच.

"मग काय, आवडत नसलं तरी खायचं?" अजिबात नाही. "मला नको" म्हणा ना! त्यात तुमची आवड कळते. 'यक्'मध्ये समोरच्याचं घर, त्याच्या आईचा हात, सगळंच घाण ठरतं.

असो. सोमवारी मीही डब्यात सुकट नेतोय. त्याच्याच शेजारी बसणार आहे.