अजिंक्य संघांच्या यादीत आपण कुठे? प्रश्न गुणवत्तेचा की दरवाजाचा?

जगातला सर्वांत बलाढ्य संघ कोणता, या वादात आपली तरुण पोरं तासन् तास रमतात. कुणी मुंबईच्या रणजी संघाचं नाव घेतं, कुणी लॉइड-रिचर्ड्सच्या वेस्ट इंडिजचं, कुणी ध्यानचंदांच्या काळातल्या हॉकी संघाचं. वाद चांगला आहे. पण या यादीसोबत एक प्रश्न कुणी विचारत नाही, तो आंबेडकरी कार्यकर्त्यांनी विचारलाच पाहिजे. संघ अजिंक्य होता हे ठीक, पण त्या संघाचं दार कुणासाठी उघडं होतं? आणि आत गेलेल्याला कर्णधार होता येत होतं का?

हा प्रश्न विचारला की लगेच उत्तर येतं, 'खेळात जात आणू नका, तिथे फक्त गुणवत्ता चालते.' या लेखात मला हेच उत्तर तपासायचं आहे.

सुरुवात आपल्याच राज्यापासून करू. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. १९७०-७१ मध्ये वाडेकर, सरदेसाई, गावस्कर, सोलकर हे बिनीचे खेळाडू भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने करंडक जिंकला. २०२३-२४ मध्ये मुंबईने बेचाळिसावं विजेतेपद मिळवलं. देशांतर्गत क्रिकेटमध्ये या वर्चस्वाला तोड नाही.

या खेळाडूंच्या मेहनतीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण एकाच शहरात पिढ्यान् पिढ्या इतके खेळाडू कसे तयार होतात? मुंबईच्या मातीत काही वेगळं होतं का? होतं, पण ते मातीत नव्हतं, व्यवस्थेत होतं. शाळांसाठी हॅरिस आणि गाइल्स शील्ड. क्लबांसाठी १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग. कंपन्या आणि बँकांच्या संघांसाठी टाइम्स शील्ड. चांगलं खेळणाऱ्याला नोकरी देणाऱ्या मोठ्या कंपन्या. मरीन ड्राइव्हच्या कडेला ओळीने उभे असलेले जिमखाने. आझाद मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात बॅट आली की रणजीपर्यंत जाणारी शिडी त्याच्यासमोर उभी असायची.

समाजशास्त्रात याला भांडवल म्हणतात. पैशाचं भांडवल वेगळं, ओळखीपाळखीचं वेगळं, आणि वागण्या-बोलण्यातून, शाळेतून, घरातून मिळणारं सांस्कृतिक भांडवल वेगळं. ज्याच्याकडे ही तिन्ही असतात त्याची मेहनत फळाला येते आणि त्या फळालाच आपण 'गुणवत्ता' म्हणतो. ज्याच्याकडे ती नसतात त्याची मेहनत मैदानाबाहेर जिरून जाते आणि तिला नाव मिळत नाही.

या शिडीवर खालून कुणी चढलंच नाही असं नाही. एकनाथ सोलकर यांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. मैदान राखणाऱ्याच्या घरात वाढलेला हा मुलगा पुढे २७ कसोटींत ५३ झेल घेणारा क्षेत्ररक्षक झाला. मैदान घराला लागून होतं म्हणून सोलकर घडले. मैदानच नसेल तर असा मुलगा घडणार कसा?

'हिंदू' संघाचा बाळू

'खेळात जात आणू नका' म्हणणाऱ्यांना एक साधी आठवण करून द्यावी लागेल. रणजीच्या आधी मुंबईची सर्वांत मोठी स्पर्धा होती तिच्यात संघांची नावंच युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशी होती. जात आणि धर्म खेळात आपण आणला नाही, तो नावासकट आधीच तिथे होता.

त्या हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज होता पालवणकर बाळू. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर मैदानाची कामं करायचा आणि त्यांना सरावासाठी चेंडू टाकायचा. पुण्याच्या हिंदू क्लबला युरोपियनांना हरवायचं होतं म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतलं. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहाची वेळ झाली की त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवायलाही वेगळं बसवायचे. बळी घेताना तो हिंदू होता, जेवताना अस्पृश्य होता.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरुण भीमरावांना या खेळाडूचं मोठं कौतुक होतं, असं इतिहासकार रामचंद्र गुहा नोंदवतात.

एवढी कामगिरी असलेला माणूस कर्णधार व्हायला हवा होता. बाळूला ते पद कधीच मिळालं नाही. १९२० साली त्याला डावललं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या भावांनी संघातून अंग काढून घेतलं. ही माघार फार महत्त्वाची आहे. ज्या संघाला आपली गरज आहे, त्याच्याकडे 'आम्हाला अपमान नको, अधिकार हवा' असं सांगण्याची ती कृती होती. दबाव वाढला आणि बाळूला उपकर्णधारपद द्यावं लागलं. कर्णधार पै मैदानाबाहेर थांबले तेव्हा काही वेळ संघाचं नेतृत्वही त्याने केलं. पुढे १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचा कर्णधार झाला आणि त्याच वर्षी त्याच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

१९२३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. तरीही महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला आपल्याला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि सत्याग्रह करावा लागला. एका खेळाडूला खांद्यावर घेऊन नाचणारा समाज चार वर्षांनंतरही त्याच्या बांधवांना पाणी द्यायला तयार नव्हता. खेळातला विजय जात मोडतो असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून बघावा. विजयाने टाळ्या मिळतात. हक्क चळवळीने मिळतात.

बाळू आपल्या भिंतीवर का नाहीत?

इथे आपल्याच लोकांना एक प्रश्न विचारतो. बाळू पालवणकरांचं नाव आपल्या किती तरुणांना माहीत आहे? माहीत नसण्याचं एक कारण राजकीय आहे. १९३२ मध्ये बाळूंची भूमिका गांधींच्या बाजूची होती आणि पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. काँग्रेसने एका अस्पृश्य नायकाचा वापर दुसऱ्या अस्पृश्य नेत्याला रोखण्यासाठी केला, आणि हा डाव आजही राखीव मतदारसंघांत जसाच्या तसा खेळला जातो.

पण म्हणून बाळू आपले राहत नाहीत का? त्यांच्या राजकारणावर टीका करूच. मात्र मातीच्या भांड्यातला चहा पिऊन बळी घेणारा तो गोलंदाज आणि संघाबाहेर पडून अधिकार मागणारे त्याचे भाऊ हे आपल्याच संघर्षाचे पूर्वज आहेत. आपण त्यांना सोडलं तर दुसरे त्यांना 'समरसतेचं प्रतीक' म्हणून भिंतीवर लावतील, आणि वेगळ्या भांड्याची गोष्ट फोटोतून पुसली जाईल.

काळा कर्णधार आणि अजिंक्य संघ

आता जगाकडे बघू. वेस्ट इंडिजच्या संघात काळे खेळाडू सुरुवातीपासून होते, पण कायमचं कर्णधारपद गोऱ्यांकडेच राहायचं. सी. एल. आर. जेम्स यांच्यासारख्या विचारवंताने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात फ्रँक वॉरेल पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला काळा कर्णधार झाला. तेव्हा 'काळे खेळतात छान, पण नेतृत्व त्यांना जमणार नाही' असंच म्हटलं जायचं. आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. पुढे काय झालं? सोबर्स, कन्हाय, लॉइड, रिचर्ड्स. १९८० ते १९९५ या पंधरा वर्षांत वेस्ट इंडिजने एकही कसोटी मालिका गमावली नाही. क्रिकेटच्या इतिहासातलं एक सर्वांत मोठं वर्चस्व कर्णधारपदाचं दार उघडल्यानंतर आलं, आधी नाही.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण तर थेट आरक्षणाच्या वादाला भिडतं. १९९५ मध्ये त्यांनी रग्बीचा विश्वचषक जिंकला तेव्हा संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. नंतर संघात बदल घडवण्यासाठी उद्दिष्टं ठरवली गेली. 'आता संघ बुडणार' अशी ओरड झाली. २०१९ आणि २०२३ असे सलग दोन विश्वचषक त्यांनी जिंकले, आणि दोन्ही वेळा कर्णधार होता सिया कोलिसी, त्या संघाचा पहिला काळा कसोटी कर्णधार. चार विश्वचषक जिंकणारा रग्बीतला हा एकमेव देश आहे. क्रिकेटमध्ये टेम्बा बवुमाला 'कोट्यातला' म्हणून वर्षानुवर्षं हिणवलं गेलं. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर त्याच्याच नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचं जगज्जेतेपद मिळवलं.

केवळ उद्दिष्टांमुळे हे विजय मिळाले असा दावा मी करत नाही. प्रशिक्षक, पैसा, शाळांमधलं क्रीडा शिक्षण ही कारणंही आहेतच. माझं म्हणणं एवढंच की प्रतिनिधित्व वाढलं की गुणवत्ता ढासळते, हा दावा या मैदानांवर सपशेल हरला आहे.

भारतातही पुरावा आहे. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये भारतीय हॉकी संघाने २९ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. तिथून सलग सहा सुवर्णपदकांची मालिका सुरू झाली. त्या पहिल्या संघाचे कर्णधार होते जयपालसिंग मुंडा. पुढे संविधान सभेत आदिवासींचा आवाज ठरले तेच हे जयपालसिंग. आणि त्याच हॉकीत, ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत भारतीय महिला संघ उपांत्य सामना हरला तेव्हा वंदना कटारिया हिच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर जातिवाचक शिवीगाळ झाली. जिंकलो की देशाची मुलगी, हरलो की जातीची. बाळूच्या चहाच्या भांड्यापासून आपण किती पुढे आलो, ते यावरून समजा.

सिद्धेश्वरच्या पोरांनी काय मागायचं?

मी हे सगळं पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात बसून लिहितो आहे. महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत: मुंबई, विदर्भ आणि उरलेल्यांचा 'महाराष्ट्र'. आपला मराठवाडा या तिसऱ्यात येतो आणि त्याचं केंद्र पुण्यात आहे, आपल्यापासून सुमारे चारशे किलोमीटरवर. आमच्याकडे जयंतीच्या निमित्ताने टेनिस बॉलचे सामने होतात. त्यात असा वेग असलेली पोरं दिसतात की बघत राहावं. पण त्यातल्या बहुतेकांनी लेदरचा चेंडू कधी हातात धरलेला नसतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं पोरगं हंगामात गावातच नसतं, ते निवड चाचणीला कुठून जाणार? आणि मुलींच्या हातात तर चेंडूही येत नाही.

म्हणून माझ्या मते आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात.

पहिली, मैदान. प्रत्येक ग्रामसभेत जिल्हा परिषद शाळेच्या मैदानाचा ठराव मांडा आणि ते मैदान सर्व वस्त्यांसाठी खुलं असेल हे त्यात लिहून घ्या. एक काळजी मात्र घ्या. मैदानासाठी गायरान मागताना आपल्याच भूमिहीनांच्या कसत्या जमिनीवर पाय पडता कामा नये. दादासाहेब गायकवाडांच्या भूमी सत्याग्रहाचे वारस आहोत आपण.

दुसरी, नोंदणी. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. गावच्या स्पर्धेतल्या ढालीवर ते मिळत नाही, मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतलं प्रमाणपत्र लागतं. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जाणाऱ्या पैशातला अर्धा भाग दोन किट आणि चार पोरांच्या प्रवासखर्चाला लावला, तर पाच वर्षांत फरक दिसेल. मुलींसाठी खो-खो आणि कबड्डीपासून सुरुवात करा. त्याला ना महागडी साधनं लागतात, ना जिमखाना.

तिसरी, कर्णधारपद. गावच्या संघात आपला पोरगा वेगवान गोलंदाज म्हणून चालतो, पण नाणेफेकीला दुसराच जातो. अशा ठिकाणी विठ्ठल आणि शिवराम यांची १९२० ची माघार आठवा. आपली गरज असलेल्या संघाला अट घालायला शिका.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असं सांगितलं. संघ हा शब्द आपल्या बुद्ध-धम्म-संघातलाही आहे. त्या संघात उपाली नावाचा न्हावी शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा घेऊन त्यांचा ज्येष्ठ ठरला होता. ज्या संघात शेवटच्या माणसाला पुढे उभं राहता येतं, त्यालाच मी बलाढ्य म्हणेन. करंडकांची यादी त्यानंतर वाचू.

जय भीम!